कंसातला माणूस

फेंटन गार्ड पूर्णा सोडून गेला तेव्हा
ग्रामोफोन कुणाला तरी द्यायचा म्हणून
लोको शेडच्या फायरमनला दिला.
सोबत अकरा तबकड्या, एक तडकलेली.
ग्यानोबा हत्तीअंबीरे कोळशाच्या हातानं
त्या कडांनी धरायचा, गरम भाकरीसारख्या.

तबकडीवर गाणाऱ्याचं नाव, मोठं.
खाली बारीक अक्षरात, कंसात, आणखी एक.
"ह्यो कोण?" त्यानं घुले मास्तरांना विचारलं.
मास्तर चष्मा पुसत म्हणाले,
"यानं गाणं बांधलं असेल. गाणारा वेगळा."
ग्यानोबा बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "मंजी रांधणारी चुलीपाशी,
अन् वाढणारी पंगतीत."

तिथून सुरू झालं.

क्लॅरिनेट नांदेडच्या जुन्या बाजारातलं,
दोन चाव्या रबरानं बांधलेल्या.
आमचा न्यू गुरुकृपा ब्रास बँड,
माझ्याकडे साइड ड्रम, वय सतरा.
तो सांगायचा, "ठोका वेळेवर मारू नको.
पाव्हणा यायलाय, चप्पल काढायलाय,
उंबऱ्यात पाय ठिवला की मग मार."

गंधाराचं तर त्याला वेडच.
शुद्ध नको, कोमलही नको,
मधे एक फट आहे म्हणायचा,
अकोल्याची गाडी वळणावर शिट्टी देते
तिथं, त्या फटीत.
पेटीवाला वैतागायचा, अशी पट्टीच नाही.
"पेटीत नसंल. गाडीत हाय."

किती बांधली, कुणी मोजली नाहीत.
वरातीची. जयंतीची, चौदा एप्रिलच्या पहाटे
भीमनगरात पहिल्यांदा वाजलेली.
बिडीच्या जाहिरातीचं एक.
नगरपालिकेला दोन्ही उमेदवारांची, एकाच आठवड्यात,
चाल तीच, पडलेल्याची फक्त जरा संथ.
आधीच कसं कळलं विचारलं तर हसायचा.

शब्द साधे. बायको गेली त्या वर्षीचं एक:
डबा आला, झाकण उघडलं, हात कुणाचा वेगळा.
ते वरातीत वाजवलं तर लोक नाचले.
त्यानं क्लॅरिनेट खाली घेतलं, बघत राहिला.
मी एकटाच बडवत होतो.
नंतर म्हणाला, "नाचू दे. त्येनला काय ठावं."

कॅसेटवाल्यानं आठ गाणी घेतली.
सातशे रुपये, एक शर्टपीस.
कव्हरवर गायकाचा फोटो, मागे रंगीत धबधबा.
ग्यानोबानं कॅसेट उलटीपालटी केली,
आतला कागद उलगडला,
घड्याळवाल्याकडून भिंग मागून आणलं.
"कंसबी नाही रे," मला म्हणाला.
मग आम्ही चहा प्यायलो. पैसे त्यानंच दिले.

मीटरगेज गेली. शेडमध्ये बाभळी उगवल्या.
नवी गाडी सरळसोट चालते, तिला ठेका नाही,
अशी तक्रार त्यानं स्टेशनच्या वहीत लिहिली.
खाली शेरा: नोंद घेतली.

शेवटी परभणीच्या दवाखान्यात
सलाईनच्या बाटलीकडे बोट करून,
"बघ, कसा उशिरा पडायलाय."

तडकलेली तबकडी माझ्या वाट्याला आली.
लेबल हातांनी, कोळशानं घासून गेलंय.
गाणाऱ्याचं नाव अर्धं.
कंसातलं पुरतं पुसलेलं, कंस मात्र शाबूत,
कापून ठेवलेल्या नखांसारखे.
अमेरिकेतल्या त्या माणसानं
कधी कोळसा ओढला का,
आपल्या रडण्यावर लोक नाचताना पाहिले का,
मला माहीत नाही.
ग्यानोबाला खात्री होती.

काल शेजारच्या लग्नात डीजेवर
डब्याचं गाणं लागलं. खाली यंत्राचा ठोका,
सगळा बरोबर, सगळा वेळेवर.
प्लास्टिकच्या खुर्चीच्या हातावर
मी बोट उचलून धरलं.
पाव्हणा अजून चप्पल काढत होता.